गाढविणीचे दूध आणि आतड्यांचा दाह

एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांच्या सासऱ्यांचे वय ६९. दोन वर्षांपूर्वी शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली. प्रथम मूळव्याध समजून घरगुती उपाय झाले, पुढे दुर्बिणीची तपासणी झाली आणि ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असे निदान झाले. औषधांनी आराम पडला, परंतु गेल्या पावसाळ्यात दुखणे पुन्हा उफाळले आणि स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या. चेहरा सुजला, झोप उडाली, रक्तातील साखर वाढली. अशा दिवसांत गावात गाढविणी घेऊन फिरणारे एक कुटुंब आले. भाव, दहा मिलिलिटरला शंभर रुपये. ‘या दुधाने आतड्याची जखम भरते, परदेशात यावर संशोधन झाले आहे,’ असे शेजारच्या गृहस्थांनी मोबाइलवर दाखविले. आता सासरे म्हणतात, गोळ्या पुरे झाल्या, हे दूध सुरू करा. भगिनींचा प्रश्न दोनच शब्दांचा आहे : देऊ का?

उत्तर आधीच सांगतो, कारण घरात दुखणाईत माणूस असताना लेख शेवटपर्यंत वाचायला सवड मिळतेच असे नाही. गोळ्या बंद करू नयेत. कच्चे दूध देऊ नये. उकळलेले थोडे दूध, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालून दिले, तर बहुधा अपाय होणार नाही. परंतु त्याने दाह शमेल अशा भरवशावर दुसरे काहीही सोडू नये. आता यामागची कारणे सविस्तर पाहू. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण इथे कुणाला आठवेल; पण ज्या घरात रोज पहाटे रक्ताचे जुलाब मोजले जातात त्या घरातील माणसांना हसण्यात अर्थ नाही. शिवाय हे दूध खरोखरच हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्यात काही विशेष गुण आहेत.

सस्तन प्राण्यांच्या दुधांमध्ये घोडी आणि गाढवीण यांचे दूध घटकांच्या दृष्टीने आईच्या दुधाच्या बरेच जवळ जाते. गायीच्या दुधात प्रथिने सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतात. गाढविणीच्या दुधात दीड ते पावणेदोन टक्के. गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसीनचा, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची घट्ट गुठळी बनते त्या प्रथिनाचा असतो. गाढविणीच्या दुधात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे त्याची गुठळी मऊ व विरळ होते. स्निग्धांश तर अगदी थोडा, बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर. ‘हे दूध हलके’ असे आपल्या आजीबाई म्हणत, त्यात एवढे तथ्य नक्कीच आहे.

परंतु एक घटक या हलकेपणाच्या विरुद्ध जातो आणि त्याची वाच्यता कुणी करीत नाही. गाढविणीच्या दुधात दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, सहा ते सात टक्के असते. गायीच्या दुधात ती पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून तर हे दूध चवीला गोड लागते. आपल्याकडे प्रौढ वयात ही शर्करा नीट न पचणारी माणसे पुष्कळ आहेत. दूध घेतले की पोट गुडगुडते, वायू धरतो, जुलाब होतात, ही तक्रार ज्येष्ठांमध्ये घरोघरी ऐकू येते. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅमपर्यंत ती सोसते. गाढविणीच्या दुधाचा २०० मिलिलिटरचा पेला घेतला तर १३ ग्रॅमच्या जवळपास जाते. गायीच्या तेवढ्याच दुधातून साडेनऊ ग्रॅम. म्हणजे ज्यांना गायीचे दूध बाधते त्यांनी हे ‘हलके’ दूध पेलाभर घेतले तर त्रास कमी न होता वाढण्याचा संभव अधिक. आणि आतड्याच्या दाहाच्या रुग्णाला जुलाब वाढले की घरातील माणसे गोंधळतात : दुखणे उफाळले की दूध बाधले?

मग या दुधाची एवढी ख्याती झाली कशी? ती मुळात तान्ह्या मुलांच्या संदर्भात झाली. पॅरिसमधील अनाथ अर्भकांच्या रुग्णालयात १८८० च्या दशकात, ज्या बाळांना जन्मतःच उपदंशाची लागण झालेली असे त्यांना दाईकडे देणे धोक्याचे ठरे. म्हणून ती बाळे थेट गाढविणीच्या सडाला लावून पाजली जात. अलीकडच्या काळात इटलीतील बालरोगतज्ज्ञांनी गायीच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलांना हे दूध देऊन पाहिले आणि त्यांपैकी बहुतेक मुलांना ते सोसले. अर्थात स्निग्धांश कमी म्हणून त्यात वेगळे तेल मिसळावे लागे, कारण नुसत्या या दुधावर बाळाचे वजन वाढत नाही. आपल्याकडेही खोकला, डांग्या खोकला, दमा यांसाठी बाळाच्या बोंडल्यात दोन-चार थेंब घालण्याची पद्धत अनेक गावांत होती. गाढविणीला दारात उभी करून समोर दूध काढून देणारे लोक आजही दिसतात.

आयुर्वेदाचे नाव घेऊन हे दूध खपविले जाते, म्हणून तेही तपासून पाहू. चरकसंहितेतील आठ दुधांच्या वर्णनात एक खूर असलेल्या, म्हणजे एकशफ प्राण्यांच्या दुधाचा उल्लेख आहे. ते उष्ण, रूक्ष, किंचित आंबट-खारट, पचायला हलके आणि हातापायांतील वातावर उपयोगी असे म्हटले आहे. आतड्याच्या रोगांसाठी त्याची शिफारस तिथे नाही. अतिसारात आणि रक्त पडत असताना ज्या दुधाचे गुण सांगितले आहेत ते शेळीचे दूध आहे : शीत, हलके आणि ग्राही, म्हणजे मल बांधणारे. परंपरेचाच आधार घ्यायचा तर तो असा आहे.

आता मोबाइलवर दाखविल्या जाणाऱ्या संशोधनाकडे वळू. त्यात खोटे काही नाही. पण ते कुणावर झाले आणि कशा प्रकारचे झाले हे सांगितले जात नाही.

गाढविणीच्या दुधात लायसोझाइम नावाचे एक प्रथिन भरपूर असते, एका मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम, कधी त्याहून अधिक. गायीच्या दुधात ते नाममात्र असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये, पेनिसिलिनच्याही आधी, नाकातील स्राव आणि अश्रू यांत या पदार्थाचा शोध लावला. जिवाणूभोवतीची भिंत फोडणे हे त्याचे काम. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात, खोलगट खाचांच्या तळाशी, पॅनेथ पेशी नावाच्या पेशी असतात. त्याही हेच लायसोझाइम आणि त्याच्या जोडीला अन्य जंतुरोधक द्रव्ये स्रवून आतड्यातील जिवाणूंवर वचक ठेवतात. क्रोन्सच्या आजारात या पेशींचे काम बिघडलेले आढळते. तेव्हा बाहेरून लायसोझाइमने समृद्ध असे दूध दिले तर काय होईल, असा विचार संशोधकांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात औषध टोचून दाह निर्माण केला आणि त्यांना गाढविणीचे दूध पाजले. दूध मिळालेल्या उंदरांच्या आतड्यांना इजा कमी झाली, पॅनेथ पेशींमधील जंतुरोधक द्रव्यांची पातळी पूर्ववत होण्याकडे झुकली आणि आतड्यातील जिवाणूंचा बिघडलेला समतोल काहीसा सावरला. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, यात शंका नाही. दाह निर्माण करण्यासाठी वापरलेले औषध होते इंडोमेथासिन. सांधेदुखीवर माणसांना दिले जाणारे हे वेदनाशामक आहे. ही बाब ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

तथापि पत्रातील सासऱ्यांपर्यंत पोहोचायला या प्रयोगातून सरळ वाट नाही. पहिली गोष्ट, तो उंदरांतील अल्पमुदतीचा दाह होता, औषधाने उठविलेला. माणसाचा आजार वर्षानुवर्षे चालतो, त्यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटलेली असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य प्रकार आहेत. क्रोन्सचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटी. अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र मोठ्या आतड्यापुरताच असतो आणि गुदाशयापासून वर चढत जातो. भारतात हाच दुसरा प्रकार अधिक आढळतो. पॅनेथ पेशी मुख्यतः लहान आतड्यात असतात. निरोगी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात त्या जवळजवळ नसतातच. तेव्हा ज्या प्रयोगाच्या नावाने हे दूध विकले जाते, तो प्रयोग या सासऱ्यांच्या आजाराच्या जागेवर झालेलाच नाही.

कॅनडात २००९ मध्ये डुकरांच्या पिलांच्या मोठ्या आतड्यात रसायनाने दाह निर्माण करून त्यांना लायसोझाइम दिले गेले आणि तिथेही दाह कमी झाला. मात्र ते लायसोझाइम कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातून वेगळे काढलेले होते. म्हणजे हा गुण एकट्या गाढविणीच्या मालकीचा नाही. (म्हणून कुणी कच्ची अंडी खाऊ नयेत, त्यातून साल्मोनेलाची बाधा होते.) आतड्यांच्या दाहावरील कोणत्याही मान्यताप्राप्त उपचार-मार्गदर्शिकेत आज गाढविणीच्या दुधाला स्थान नाही. उद्या माणसांवरील चाचण्यांतून काही निष्पन्न झाले तर त्याचे स्वागतच करू.

आता स्वयंपाकघरातला प्रश्न. दूध कच्चे द्यावे की उकळून? विकणारे सांगतात, ‘काढल्या काढल्या, धारोष्ण घ्या, उकळल्यावर गुण जातो.’ त्यांच्या म्हणण्यात एक अर्धसत्य आहे. लायसोझाइम पाश्चरीकरणाच्या सौम्य उष्णतेत बऱ्याच अंशी टिकते, पण दूध खळखळून उकळले की त्याचा मोठा भाग निकामी होतो. म्हणजे ज्या घटकासाठी शंभर रुपये मोजायचे तो उकळीत जातो. आणि न उकळावे तर जे धोके आहेत ते या रुग्णाला परवडणारे नाहीत. स्टिरॉइड, अझाथायोप्रीन, इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखी इंजेक्शने ही सारी औषधे शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतात. दाह शमतो तो त्यामुळेच. अशा माणसाला कच्च्या दुधातून ब्रुसेला, साल्मोनेला, लिस्टेरिया किंवा क्षयाचे जंतू मिळाले तर साध्या जुलाबावर निभावत नाही. ‘पण या दुधातच जंतुनाशक आहे ना?’ असा प्रश्न येतो. लायसोझाइम सर्व जंतूंवर सारखे चालत नाही. काही जिवाणूंच्या भिंतीवर बाहेरून आणखी एक आवरण असते आणि तिथे त्याची मात्रा फारशी लागू पडत नाही. साल्मोनेला आणि ब्रुसेला याच गटातले आहेत. शिवाय दूध डोळ्यांदेखत काढले म्हणजे ते स्वच्छ झाले असे नव्हे. कासेला लागलेली धूळ, काढणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचे भांडे हे तिन्ही त्या धारेच्या वाटेत असतात.

थोडक्यात, उकळलेले गाढविणीचे दूध हे एक गोडसर, पातळ, कमी स्निग्धांशाचे दूध होय. त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून धरू नये.

अन्न म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहू. पत्रातील भावाने दहा मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे दुधातून दीड-दोन दशांश ग्रॅम प्रथिने मिळतात; ती मोजण्याजोगी नाहीत. पेलाभर, २०० मिलिलिटर घ्यावे तर दिवसाला दोन हजार आणि महिन्याला साठ हजार रुपये होतात, आणि त्यातून रोज मिळणारी प्रथिने सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. एका उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम असतात. गायीच्या तेवढ्याच दुधात सहा-साडेसहा. दुधाचा हा भाव केवळ लबाडीचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. गाढवीण दिवसाला अर्धा-एक लिटरच दूध देते, तेही शिंगरू जवळ असेल तर पान्हा सोडते, आणि शिंगराचा वाटा ठेवावाच लागतो. देशातील गाढवांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वातीन लाखांच्या घरात होती. २०१९ मध्ये ती सव्वा लाखाच्या आत आली. वीटभट्टीची माती, वाळू, धोब्याचे गाठोडे वाहणारी कामे यंत्रांनी नेली. जेजुरीच्या पौष पौर्णिमेला आणि मढीच्या यात्रेला भरणारे गाढवांचे बाजार ज्यांनी पूर्वी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. सौराष्ट्रातील हालारी जातीच्या गाढविणींचे दुग्धालय काढण्याची योजना हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने २०२० मध्ये आखली, तीही या घटत्या जातीला काही मोल यावे म्हणून. जनावर टिकावे ही इच्छा रास्त आहे. त्याचा भार म्हाताऱ्या रुग्णाच्या औषधाच्या पैशांवर पडू नये, इतकेच.

कारण खरा धोका दुधात नसून त्याच्या जोडीने येणाऱ्या निर्णयात आहे. ‘गोळ्या बंद करा’ हा सासऱ्यांचा हट्ट समजण्यासारखा आहे. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, मन अस्वस्थ होते, मधुमेह बिघडतो. उतारवयात हाडे ठिसूळ होतात. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच डॉक्टर ती औषधे शक्य तितक्या लवकर, पण पायरी-पायरीने कमी करतात. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे बनविणे मंदावते. गोळी एकाएकी थांबविली तर विलक्षण थकवा, चक्कर, ओकाऱ्या, रक्तदाब घसरणे असे प्रसंग ओढवतात आणि कधी जिवावर बेतते. मेसालामीनच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या बंद केल्या तर लगेच काही होत नाही, आणि तेच फसवे ठरते. दोन-तीन महिने बरे जातात, त्याचे श्रेय दुधाला मिळते, आणि मग दुखणे पूर्वीपेक्षा जोराने परतते. ‘पी हळद आणि हो गोरी’ असे या आजारात कधीच घडत नाही. तो आपणहून ओसरतो आणि आपणहून उफाळतो. ओसरत्या काळात जे काही चालू असेल ते औषध ठरते, हे घरातील जाणत्या माणसाने ध्यानी ठेवावे.

उतारवयातील रुग्णाबाबत आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आतड्यांच्या दाहाच्या नव्या रुग्णांपैकी दहा-पंधरा टक्के साठीनंतरचे असतात, पण या वयात शौचावाटे रक्त पडण्याची कारणे इतरही पुष्कळ आहेत : मोठ्या आतड्याचा कर्करोग, रक्तपुरवठा कमी पडून झालेली इजा, प्रतिजैविकांनंतर होणारा जंतुसंसर्ग, आणि आपल्या देशात आतड्याचा क्षय, जो क्रोन्सच्या आजारासारखा हुबेहूब दिसू शकतो. म्हणून ‘मूळव्याधच असेल’ असे म्हणून महिने घालवू नयेत, आणि निदान झाल्याखेरीज दुधाचा, काढ्याचा किंवा अन्य कशाचाही प्रयोग करू नये. ज्यांचे निदान झाले आहे त्यांच्या बाबतीतही रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगून कडक होणे किंवा रक्ताचे प्रमाण एकाएकी वाढणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

इतके सांगूनही घरातील वडीलधाऱ्यांचे मन मोडवत नाही, ‘दोन चमचे घेऊ दे, माझे समाधान होईल’ असे ते म्हणतात, याची कल्पना आहे. मग असे करावे. दूध घरी आणून स्वच्छ भांड्यात चांगली उकळी येईपर्यंत तापवावे. पहिले काही दिवस चमचाभरच द्यावे, जेवणानंतर द्यावे, पोट गुडगुडते का पाहावे. दुखणे उफाळलेले असताना हा प्रयोग सुरूच करू नये, कारण तेव्हा काय कशामुळे झाले ते कळत नाही. वाळविलेली दूधभुकटी घेत असाल तर पुडीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तारीख आहे का ते पाहावे. ‘कोलायटिस बरा करते’ असे छापलेले असेल तर ती पुडी घेऊ नये. आणि डॉक्टरांपासून हे लपवू नये. रागावतील म्हणून सांगितले नाही, असे पुष्कळ कुटुंबीय म्हणतात. पण रागावण्यापेक्षा अंधारात राहणे डॉक्टरांना अधिक अवघड जाते.

याहून अधिक मोलाचे काम ताटात आहे. आतड्याच्या दाहाच्या ज्येष्ठ रुग्णांची खरी हानी बहुतेक घरांत उपासमारीने होते, आणि ती प्रेमापोटी होते. जुलाब सुरू झाले की पेज आणि साबुदाण्याची खीर. जुलाब थांबले तरी ‘पोट नाजूक आहे’ म्हणून तेच चालू. सहा महिन्यांत दंडाचे स्नायू उतरतात, माणूस उठता-बसता आधार शोधू लागतो. युरोपातील क्लिनिकल पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेनुसार आजार सक्रिय असताना वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज हवीत. ५५ किलोच्या माणसाला हे ६६ ते ८२ ग्रॅम होतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. एरवी एवढे पोटात जावे म्हणून घरच्यांना नेटाने प्रयत्न करावा लागतो. दुखणे जोरात असताना मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, उकडलेला बटाटा, साल व बिया काढून शिजविलेला दुधी किंवा तांबडा भोपळा, पिकलेले केळे असा चोथा कमी असलेला आहार सोसतो. त्यातच उकडलेले अंडे, वाफवलेला मासा, घरचे मऊ पनीर यांची भर घालावी. दूध सोसत नसेल तर विरजलेले दही किंवा ताक पाहावे. विरजणात दुग्धशर्करेचा काही भाग खर्ची पडतो, त्यामुळे पुष्कळांना ते चालते. स्टिरॉइड चालू असताना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाविषयी आवर्जून विचारावे. आणि दुखणे शांत झाले की हळूहळू भाकरी-भाजी, वरण-भात, कोशिंबीर असे नेहमीचे घरचे जेवण पुन्हा सुरू करावे. आयुष्यभर पेज पिण्याचा हा आजार नाही.

आता त्या इंडोमेथासिनकडे. संशोधकांनी उंदरांची आतडी सुजविण्यासाठी जे औषध निवडले, त्याच कुळातील गोळ्या आपल्या घरांतील औषधांच्या डब्यात असतात : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक. गुडघा दुखला, कंबर धरली की ज्येष्ठ मंडळी दुकानातून आणून त्या घेतात आणि पोटाच्या डॉक्टरांना सांगण्याइतके त्यांना त्याचे महत्त्व वाटत नाही. शांत असलेला कोलायटिस या गोळ्यांनी उफाळू शकतो. पत्रलेखिका भगिनींनी प्रथम सासऱ्यांचा डबा उघडून पाहावा, गेल्या पावसाळ्याच्या आधी गुडघ्यासाठी काही सुरू झाले होते का ते त्यांना शांतपणे विचारावे. दुखण्यासाठी बहुतेकांना पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित ठरते. त्याची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. हृदयविकारासाठी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरीन मात्र आपल्या मनाने थांबवू नये. ती चालू आहे एवढे पोटाच्या डॉक्टरांना सांगावे, आणि पुढच्या खेपेस जाताना औषधांचा तो डबा तसाच्या तसा सोबत न्यावा.